परिक्रमा आणि पळीपापड्या

मुलुंडच्या बिबट्याला बोरिवलीला जायची लहर आली, तर तो योगी हिल्सच्या मागे डोंगरात शिरतो आणि पलीकडे उतरतो. मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं 104 चौरस किलोमीटरचं जंगल. ना सिग्नल, ना सुट्टे पैसे, ना ‘पुढे सरका’. माणसाला मात्र तेच अंतर कापायचं तर घोडबंदर रस्त्यावर कंटेनरच्या मागे बसून आयुष्याचा हिशेब मांडावा लागतो, नाहीतर दादरला जाऊन गाडी बदलावी लागते. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै 2024 मध्ये झालंय. 11.8 किलोमीटरचा तो मार्ग सुरू होईपर्यंत बिबट्या आमच्या पुढेच राहणार.

एरवी मला याचं काही दुःख नव्हतं. बोरिवलीला माझी नणंद राहते, आणि दोघींच्या मध्ये एवढा डोंगर असल्यामुळे आमचे संबंध उत्तम आहेत. पण 2025 च्या उन्हाळ्यात ह्यांनी सुट्टी साधेपणाने घालवायची ठरवली आणि सगळी उपनगरं एकमेकांपासून किती लांब आहेत ते मला चपला झिजवून कळलं.

खरं तर दरवर्षी आम्ही कोकणात जातो. गाडीचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं. नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत 60 दिवसांवर आली, पण ही बातमी आमच्या घरात पोचली नव्हती. हे 120 दिवस आधी भल्या पहाटे आंघोळ करून संगणकासमोर बसले, काहीच उघडेना, तेव्हा “सगळं भरलंय, दलालांचं राज्य आहे” असं जाहीर करून उठले. खरा साठावा दिवस आला तो चॅम्पियन्स करंडकाच्या धामधुमीत. भारताने करंडक जिंकला, आमची मात्र तिकिटं गेली. मग महाबळेश्वरला फोन करून झाला. तिथल्या हॉटेलचा भाव ऐकला आणि ह्यांना एकदम स्वतःचं बालपण आठवलं.

“आम्ही कुठे जायचो महाबळेश्वरला? गच्चीवर वाळवणं घालायचो, त्यांची राखण करायचो, हाताने फिरवून आइस्क्रीम करायचो, जवळपास भटकायचो. मुलांना ते सुख कळायला नको?”

“तू कधी राखण केलीस रे?” आतून सासूबाईंचा आवाज आला. “तू तर सुट्टी लागली की मामाकडे पळायचास. राखण ताई करायची.”

ह्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं. कार्यालयातून येताना एक मोठा तक्ता आणला आणि फ्रिजवर लावला. वर ‘उन्हाळी प्रकल्प व सहली’. खाली रकाने: दिनांक, प्रकल्प, जबाबदारी, शेरा. जबाबदारीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत माझं नाव होतं. प्रत्येक वेळी पूर्ण लिहायचा कंटाळा आला म्हणून तिसऱ्या ओळीपासून नुसतं ‘वरीलप्रमाणे’ होतं. शेरा मारायचं काम ह्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. आठवीतून नववीत गेलेली थोरली तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, यात झोपायचं कधी?” त्यावर “शिस्त” असा शेरा पडला.

आइस्क्रीमचा प्रकल्प थोडक्यात सांगते, कारण तो थोडक्यातच आटोपला. चुलत सासऱ्यांकडून जुना लाकडी पॉट आणला. त्यात बर्फ आणि खडेमीठ भरून दांडा फिरवायचा असतो. दांडा फिरवायला सगळे उत्सुक, झाकण धरायला कोणीच नाही. मीठ जिथे असायला हवं होतं तिथून जिथे नसायला हवं तिथे गेलं. हापूसचा, दुधाचा आणि माझ्या दुपारच्या झोपेचा मिळून जो पदार्थ तयार झाला तो शेजाऱ्यांना वाटला. समोरच्या ब्लॉकमधल्या भाभींनी वाटी परत देताना “कुछ अलग था” एवढंच म्हटलं. भाभी फार सुसंस्कृत आहेत.

दुसरा प्रकल्प पक्षिनिरीक्षणाचा. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये रामसर यादीत गेलं, आणि ऐरोलीचा पूल तर आमच्या मुलुंडमधूनच निघतो. तेव्हा घराजवळचं ठिकाण म्हणून ह्यांनी त्याला पहिला मान दिला होता. “उद्या पहाटे रोहित बघायला जायचंय,” असं त्यांनी शुद्ध मराठीत जाहीर केलं. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात हे चौथीतल्या मुलाला कोणी सांगितलं नव्हतं. तो पहाटे साडेचारला आपण होऊन उठला, स्वतः दात घासले आणि निळी जर्सी घालून, सहीसाठी बॅट घेऊन दारात उभा राहिला. मी आई आहे. मला ते बघवेना. पण ह्यांच्या तक्त्यात बदल चालत नाही.

खाडीकाठी पोचलो तेव्हा भरती होती. रोहित चिखलात चरायला उतरतात ते ओहोटीला. ह्यांनी निघताना घड्याळ पाहिलं होतं, भरतीचं कोष्टक पाहिलं नव्हतं. लांबवर पाण्याच्या कडेला एक पुसट गुलाबी पट्टा दिसला. धाकट्याने दुर्बीण लावून तो बराच वेळ न्याहाळला आणि थंडपणे विचारलं, “यांच्यात कॅप्टन कोण?”

राष्ट्रीय उद्यानाची सहल मात्र सविस्तर सांगावी लागेल. आमच्या गॅलरीतून उद्यानाचा डोंगर दिसतो. सकाळी चहा पिताना मी तोच बघते. पण त्यात शिरायचं फाटक बोरिवलीला. घोडबंदरचं नाव काढलं तर सासूबाईंना नुसत्या आठवणीनेच मळमळतं, म्हणून ह्यांनी मेट्रोचा मार्ग आखला. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने पश्चिम द्रुतगती मार्ग, पुलावरून चालत गुंदवली, तिथून दुसऱ्या मेट्रोने थेट ‘राष्ट्रीय उद्यान’ याच नावाचं स्थानक. घाटकोपर-वर्सोवा ही 11.4 किलोमीटरची मुंबईची पहिली मेट्रो जून 2014 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून हे एकदा तरी तिच्यातून ‘काही कामाशिवाय’ जायचं म्हणत होते.

“कुठल्या वारी जायचं?” मी विचारलं.

“सोमवारी. सोमवारी तिथे गर्दी अजिबात नसते.”

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं पन्हं, नणंदेकडे जावं लागलंच तर असावा म्हणून नारळ, सासूबाईंची उशी (त्यांना कुठेही बसलं तरी पाठीला उशी लागते) आणि ह्यांनी आदल्या रात्री उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांवर काढलेली टिपणं असा जामानिमा घेऊन आम्ही निघालो. घाटकोपर स्थानकात सासूबाईंनी जिन्याकडे पाहिलं आणि “माझे गुडघे राहू देत इथेच, तुम्ही जाऊन या” म्हणून उशी टाकायच्या बेतात होत्या. सरकता जिना दिसला म्हणून पुढची सहल झाली. गाडी मात्र झकास. असल्फ्याच्या टेकडीवरची रंगवलेली घरं दिसली, तशी थोरलीने सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली.

सोमवारी गर्दी अजिबात नसते हे ह्यांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. फाटकाशी एकटा पहारेकरी होता.

“आज सोमवार. बंद.”

“अहो, पण उद्यान राष्ट्रीय आहे ना?” हे म्हणाले.

“राष्ट्रीय आहे म्हणूनच तर आठवड्याची सुट्टी आहे,” तो म्हणाला.

टिपणं वाया जाऊ नयेत म्हणून ह्यांनी फाटकाबाहेरच कान्हेरी समजावून सांगितली. एकाच डोंगरात शंभराहून जास्त लेणी, भिक्षूंना झोपायला दगडी ओटे, पावसाचं पाणी साठवायला खोदलेली टाकी, एका टाकीतून दुसरीत पाणी नेणारे पन्हळ. सांगतात ते चांगलं, हे मला मान्य करायला हवं. सोमवार माहीत नसलेली आणखी दोन कुटुंबं आमच्याभोवती जमली. त्यातल्या एका गृहस्थांनी शेवटी “गाइड का कितना हुआ?” असं विचारलं. ह्यांनी नको म्हटलं. त्या दिवशी आमच्या घरात पैसे येण्याची ती एकमेव संधी होती.

मग नणंदेला फोन केला. “अहो वन्सं, आम्ही तुमच्या दारातच आहोत.”

“अय्या! आम्ही महाबळेश्वरला आहोत!” पलीकडून इतका आनंद ऐकू आला की आमच्यावर लक्ष ठेवूनच गेल्या असाव्यात.

आता आल्या वाटेने परत जायचं तर ह्यांना नामुष्की वाटली. म्हणून आम्ही पुढे निघालो. ही मेट्रो दहिसरला जाते आणि तिथून दुसरी पश्चिमेच्या बाजूने खाली अंधेरीला येते. तिथून पुन्हा पहिली पकडून घाटकोपर. म्हणजे उपनगरांना पूर्ण प्रदक्षिणा, तीही वातानुकूलित. मुंबईच्या उपनगरांचं तापमान सांताक्रूझच्या वेधशाळेत मोजतात. डब्यातलं मोजलं असतं तर मे महिन्याची बदनामी इतकी झाली नसती. मुलं खिडकीला चिकटून स्थानकांची नावं मोठ्याने वाचत होती. मंडपेश्वर, एकसर, पहाडी एकसर, डहाणूकरवाडी, वळनई. सासूबाई उशीला टेकून गाढ झोपल्या. कोणी भांडत नव्हतं, कोणी काही मागत नव्हतं. मी मनातल्या मनात तक्त्यावर ‘उत्तम’ असा शेरा मारला, तेवढ्यात अंधेरी आली आणि ह्यांनी “सगळे उतरा” म्हटलं.

“इथे गिल्बर्ट हिल आहे. दोनशे फूट उंच कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा! असे खांबाखांबांचे कातळ जगात मोजक्या ठिकाणी आहेत, अमेरिकेत वायोमिंगला एक आहे.”

“मग वायोमिंगलाच जाऊ,” थोरली म्हणाली. दुपारचे तीन वाजले होते.

रिक्षाने कातळाच्या पायथ्याशी गेलो. काळाकभिन्न, ताठ उभा, आजूबाजूच्या इमारतींनी दाटीवाटीने घेरलेला आणि वर जायला पायऱ्याच पायऱ्या. मी सासूबाईंना सावलीत बसवायला जागा शोधू लागले.

“साडेसहा कोटी वर्षं, आई!” हे म्हणाले.

“मोजायला कोण गेलं होतं? वर काय आहे ते सांग.”

“गावदेवीचं मंदिर आहे.”

एवढं ऐकल्यावर सासूबाईंनी पदर खोचला, उशी ह्यांच्या हातात दिली आणि निघाल्या. घाटकोपरला राहिलेले ते गुडघे अंधेरीला कसे हजर झाले ते मला अजून कळलेलं नाही. आम्ही अर्ध्यात धापा टाकत असताना त्या वरून “अरे, या की लवकर!” म्हणून ओरडत होत्या. नणंदेचा नारळ गावदेवीला वाढवला. खोबऱ्याचा तुकडा मात्र गोड होता, हे मी नणंदेला अजून सांगितलेलं नाही. धाकट्याने संध्याकाळी खाली मित्रांना वृत्तांत दिला: “आम्ही एसीच्या ट्रिपला गेलो होतो. मध्ये एक दगड होता.”

आता पळीपापड्या. तक्त्यातला हा मुख्य प्रकल्प आणि माझ्या मते मूळ दुखणं.

आमच्या सोसायटीत गच्ची आहे, पण ती सर्वांची असल्यामुळे कोणालाच मिळत नाही. चावी सेक्रेटरींकडे असते. लेखी अर्ज द्यावा लागला. “गच्ची ही सामायिक मालमत्ता आहे,” अर्ज चष्म्याच्या वरून वाचत ते म्हणाले, “पदार्थाला वास आहे का?”

“साबुदाण्याला कसला वास?”

“जिरं घालणार ना?”

शेवटी अटींवर परवानगी मिळाली. चावी सकाळी नऊला न्यायची, संध्याकाळी सहाला परत करायची. टाकीला टेकायचं नाही. वरच्या कॅमेऱ्यावर ओढणी वाळत घालायची नाही.

पळीपापडी हे दिसायला सोपं प्रकरण आहे. रात्रभर भिजवलेला साबुदाणा पाण्यात घोटून काचेसारखा होईपर्यंत शिजवायचा, मीठ, जिरं, वाटलेली मिरची घालायची आणि गरम असतानाच पळीने प्लॅस्टिकवर घालायचा. पळी टेकवायची, तिच्या पाठीने एकदाच गोल फिरवायचं आणि उचलायची. दुसऱ्यांदा फिरवलं की पापडी फाटते. सासूबाईंच्या पापड्या एका मापाच्या पडत होत्या. माझ्या पापड्यांमधून महाराष्ट्राचे सगळे जिल्हे ओळखता येत होते. ह्यांनी हौसेने दोन घातल्या, पायाला चटका बसला म्हणून उडी मारली ती तिसरीवर, आणि मग ‘देखरेख’ करायला सावलीत जाऊन बसले.

तासाभरात भाभी वर आल्या, हातात खिचिया पापडाचं ताट. “आप के बाजू में हमारा थोडा?” थोडा म्हणता म्हणता खिचिया आमच्या सरहद्दीपर्यंत आला. सासूबाईंनी एक वीट सरकवून ठेवली. थोड्या वेळाने पाहिलं तर वीट आमच्या बाजूला वीतभर आत होती. दोघी एकमेकींकडे बघून गोड हसत होत्या आणि दिवसभर वीट हिंडत होती.

दुपारी दोनच्या सुमाराला पापडीच्या कडा कडक होऊन प्लॅस्टिक सोडायला लागतात आणि मधला भाग अजून ओला, चिवट, कोमट असतो. तेव्हाची पापडी तळलेल्या पापडीच्या तोंडात मारेल. ती खायची नसते, कारण मग डब्यात काय राहणार? हे मी मुलांना बजावून सांगितलं. राखणीच्या पाळ्या लावल्या. कावळ्यांसाठी जुन्या सीडी दोरीला टांगल्या. तरीही दुसऱ्या दिवशी पापड्या मोजल्या तर चांगल्याच कमी. ह्यांनी कावळ्याच्या मानसशास्त्रावर भाषण दिलं. सासूबाईंनी भाभींच्या दिशेने सूचक खाकरून घेतलं. भाभींचा खिचियाही घटला होता आणि त्या आमच्या धाकट्याकडे तसंच बघत होत्या. धाकटा म्हणाला, “मला पापड्या आवडतच नाहीत.” तो खरं बोलत होता, पण नऊ वर्षांच्या मुलावर त्या वेळी कोण विश्वास ठेवतं?

घट भरून काढायला दुसरा घाणा घालायचं ठरलं. “मे अखेरचं ऊन पक्कं असतं,” असा शेरा मारून ह्यांनी 25 तारखेचा रविवार दिला. दिवसभर मळभ होतं. पापड्या ओल्याच राहिल्या, रात्री जाळीखाली ठेवून चावी परत केली. 26 मे 2025, सोमवार. सोमवारशी आमचं काहीतरी वाकडं आहे. मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख 11 जून. 75 वर्षांत तो इतक्या लवकर आला नव्हता. पहाटे छपरावर ताशा वाजायला लागला तसे आम्ही सगळे सेक्रेटरींच्या दाराशी.

“चावी नऊला,” दार किलकिलं करून ते म्हणाले.

नऊला वर गेलो तर प्लॅस्टिकवर पुन्हा शिजवण्याआधीचा साबुदाणा तरंगत होता. उरलेलं जे काही गोळा झालं ते बेडरूममध्ये चादरीवर पसरून वर पंखा सोडला. चार दिवस आम्ही सगळे हॉलमध्ये दाटीवाटीने झोपलो. त्या पापड्या तळल्यावर फुलल्या नाहीत. दातांच्या डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही, पण त्यांचा फायदा झाला.

शाळा सुरू व्हायला अजून तीन आठवडे होते आणि बाहेर धो धो पाऊस. तक्त्याची मागची बाजू सापशिडीच्या कामी आली. अशाच एका दुपारी सेक्रेटरींनी मला आणि भाभींना कार्यालयात बोलावलं. गच्चीवर अनोळखी इसम वावरत असल्याची तक्रार होती म्हणून त्यांनी मे महिन्याचं चित्रण काढलं होतं.

पडद्यावर दुपारचे दोन. डोक्यावर पंचा घेतलेला एक इसम दबकत येतो, प्लॅस्टिकचा कोपरा उचलतो आणि कडेकडेने, दोन ओळींमधलं अंतर सारखं राहील अशा बेताने, एकेक पापडी तोंडात टाकतो. जाता जाता वीट ओलांडून दोन खिचियेही घेतो. पंचा मी ओळखला. मीच तो धुते.

“ये तो भाईसाब!” भाभी म्हणाल्या.

मी काही बोलणार तोच पडद्यावर अडीच वाजले आणि सासूबाई आल्या. गुडघे उत्तम चालत होते. पावणेतीनला थोरली. तीनला भाभी, आमच्या बाजूला. “टेस्ट कर रही थी,” त्या पुटपुटल्या. साडेतीनला जी बाई दिसली तिने निळा गाऊन घातला होता. तसा गाऊन दादरच्या बाजारात कोणालाही मिळतो. एवढ्या सगळ्यांत धाकटा एकदाच दिसला. तो इमानदारीने सीडी हलवून कावळे हाकलत होता.

संध्याकाळी सहानंतरचं चित्रण मात्र ‘तांत्रिक कारणाने’ खराब झालं होतं. सहानंतर चावी सेक्रेटरींकडे असते. आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि “तक्रार निकाली काढतो” म्हणाले.

तेव्हा ज्यांना यंदा पळीपापड्या घालायच्या असतील त्यांनी त्या एप्रिलातच उरकाव्यात, गच्चीचा अर्ज मार्चमध्येच द्यावा आणि राखणीला घरचं माणूस बसवू नये. कावळा परवडतो; तो निदान एका वेळी एकच नेतो.